चकचकीत बाजूचं कुंकू

कंप्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि पुढे तो ढिम्म हलायचा नाही. नमिताने बंद करून परत लावला, वायर हलवली, शेवटी वरून एक थापही मारली, कारण बाबा तसंच करायचे.

पेणच्या त्या गल्लीत गणपतीचे कारखाने दाटीवाटीने उभे, पण डोळे बघावेत ते महिपतीच्या गणपतीचे, असं गिऱ्हाइकं म्हणायची. महिपती माघात गेला आणि त्याची मुलगी नमिता नागोठण्याची नोकरी सोडून घरी आली. साचे, रंग, दागिने तिला जमत होते. डोळ्यांची आखणी मात्र बाबा दार लावून करायचे. आत फक्त आईला प्रवेश, तोही म्हणे पाणी द्यायला. जाण्याआधी बाबा म्हणाले होते, "डोळ्यांचं सगळं कंप्युटरात घातलंय. वेळ आली की बघ." श्रावण लागला, वेळ आली, आणि कंप्युटरनेच डोळे मिटले. बिनडोळ्यांच्या मूर्ती फळ्यांवर रांगेत बसून होत्या. यंदा डोळे बिघडले की गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

तिने रोह्याला मावसभावाला, निकेशला, फोन लावला. त्याचं तिथे दुरुस्तीचं दुकान.

"ताई, काकांना मी एक सीडी दिलेली. ती आत घाल आणि चालू करताना एफ-ट्वेल्व्ह दाब. मशीन सीडीवरून उठंल. आतलं सामान आहे तिथंच असंल."

सीडी देव्हाऱ्यात निघाली. निकेश देताना म्हणाला होता, हा कंप्युटरचा जीव हाय, जपा. सगुणाबाईंनी, म्हणजे नमिताच्या आईने, ती जिवापाड जपली होती. दर दसऱ्याला सुऱ्या-कुंचल्यांबरोबर तिचीही पूजा व्हायची, आणि चकचकीत बाजूवर कुंकवाचे थर चढले होते.

"अगं, पण याच बाजूला का?"

"मग काय निकेशच्या अक्षरांवर लावू? पुसली असती ना गो."

नमिताने डोक्याला हात लावला. राग आला, पण काढायचा कोणावर? निकेश फोनवर पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "साबणाच्या पाण्यात कापूस बुडव. मधून कडेला पूस, गोल फिरवू नको."

पहिल्यांदा नुसती घरघर झाली. तिने परत धुतली, परत पुसली. या खेपेला पडदा निळा झाला, बाबांचे फोल्डर दिसले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. 'डोळे' नावाच्या फोल्डरमध्ये एकच व्हिडिओ होता.

पडदाभर गणपतीचा चेहरा. कुंचला आला, पापणीची रेघ एका दमात उतरली. कुंचला धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

मागून बाबांचा आवाज आला. "जरा कलती हो, सगुणा. नमिताला दिसू दे. माझा हात कापतो ते तिला सांगायचं नाय, म्हणून शिकवायचं पण नाय काय?"

नमिताने वळून पाहिलं. आवाज ऐकून आई दारात येऊन उभी राहिली होती.

"किती वर्षं तू काढतेस?"

"त्यांचा हात कापायला लागला तवापासून."

"मग मी इथे रडकुंडीला आले, तेव्हा बोलली का नाहीस?"

सगुणाबाईंनी मोकळी मनगटं पदराखाली घेतली. "तवा हातात बांगड्या होत्या गो. आता देवाच्या डोळ्याला माझा हात लोकांना चालंल काय?"

नमिताला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप. तिने जवळची मूर्ती उचलून पाटावर ठेवली, बाबांचा बारीक कुंचला आईच्या पुढ्यात धरला, तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"आपल्याकडे आखणी दार लावूनच होते," ती म्हणाली. "बस, आई."