रुपाच्या पेशीच्या दाराशी

मित्रांनो, मी एक जुना ग्राही आहे. जुना म्हणजे कालचा! आम्हा प्रथिनांचं आयुष्यच तेवढं. कळसाडी गावच्या रुपा नावाच्या मुलीच्या मांडीत, स्नायूच्या एका पेशीत मी जन्मलो. इन्सुलिन आलं की ते ओळखायचं आणि 'साखर आत घ्या' असा निरोप पेशीला द्यायचा, हे माझं काम.

केंद्रकातून माझा आराखडा आला. रायबोसोमने अमिनो आम्लं एकामागून एक ओवायला घेतली. माझं टोक निघताच ते आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात शिरलं आणि घडता घडताच मी त्या पटलात रोवला गेलो. तिथं मला घड्या पडल्या, जोडीदार मिळाला. ज्यांची घडी चुकली, ते भाऊ मोडीत निघाले. मग गॉल्जी पिंडाने माझ्यावर शेवटचा हात फिरवला आणि पिशवीसारख्या एका इवल्या पिटिकेने मला पेशीच्या कडेला आणलं. पिटिका पेशीपटलात मिसळली. माझं तोंड बाहेर आलं, पाय आत राहिले.

मी वाट पाहू लागलो. बाहेर रक्तात साखरेचा पूर, आत पेशी उपाशी. इन्सुलिन मात्र येईना.

रुपा सारखी पाणी पीत होती, पार रोडावली होती. "कितलं खास, पन आंगले लागत नई," तिची आई सिंधुबाई म्हणाली.

"उसना रस पाज, ताकद येई," आत्या अनुसयाबाईंनी मायेनं सुचवलं.

उसाचा रस पोटात गेला आणि पूर आणखी चढला. रुपाला उलट्या झाल्या, धाप लागली. वडिलांनी, कुंदनभाऊंनी, तिला जीपमध्ये घालून शहाद्याचा दवाखाना गाठला.

"हिच्या शरीरात इन्सुलिनच बनत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असा मधुमेह लहान मुलांनाही होतो."

"मन्ही पोर वाची जाई ना?" कुंदनभाऊंनी विचारलं.

"वाचेल. वेळेत आणलीत."

सलाईनबरोबर इन्सुलिन आलं आणि थेट माझ्या तोंडी बिलगलं! माझं अंग वळलं, पाय थरारले, निरोप आत गेला. साखर आणणारी प्रथिनं धावत पटलावर आली. कितीतरी दिवसांनी पेशी जेवली.

आज सकाळी रुपा उठून बसली. "माय, भूक लागनी," ती म्हणाली. सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला. इन्सुलिनची सुई टोचायला शिकताना त्या अडखळल्या, तेव्हा रुपाच म्हणाली, "आन, मी टोची लिसू."

मित्रांनो, कुणी मूल खूप पाणी पीत असेल आणि वाळत असेल, तर त्याची साखर तपासा. इन्सुलिन चालू असेल, तर ते चुकवू नका. मी आता मोडीत निघेन. माझ्या शेजारी नुकताच एक नवा ग्राही येऊन उभा राहिलाय. त्याला वाट पाहायला लावू नका.