राहिलेलं घर

शेवटची लिंक ‘आरोग्य’ या कप्प्यात ढकलून दीक्षाने सासूबाईंच्या फोनमधली जुनी यादी पुसून टाकली आणि खुर्चीवर मान मागे टाकली. तीनशे अठरा लिंका होत्या. तीन रविवार त्यातच गेले होते.

केशरबाईंना फोनवर काही वाचलं आणि पटलं, की वरची चांदणी दाबून ते जपून ठेवायची सवय होती. त्यांच्या मुलाने, सुगतने, एकदा दाखवलं आणि बाईंनी ते धरलंच. चांदण्या इतक्या झाल्या की बोटाने वर सरकवता सरकवता अंगठा दुखायचा. दीक्षा कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल. विस्कटलेलं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. लग्न होऊन राजापेठेतल्या या घरी आल्यावर आठच दिवसांत तिने मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले होते, आणि पुढे महिनाभर घरात कोणाला जिरं सापडलं नव्हतं.

आता तिने सगळ्या लिंका नोंदींच्या एका अ‍ॅपमध्ये आणल्या. आरोग्य, शेती, स्वयंपाक, शिक्षण, योजना असे कप्पे केले. प्रत्येक लिंकेवर लेखाचं खरं शीर्षक घातलं, कारण सासूबाईंच्या यादीतली नावं काहीच्या काहीच होती. गुडघेदुखीच्या लेखावर ‘जमुना’. मुलींच्या वसतिगृहाच्या माहितीवर ‘पौर्णिमाची धाकटी’. संत्र्याच्या फळगळीवर नुसतंच ‘रामराव’. बोलून टाइप केलं की फोन मनाला येईल ते लिहितो, तसंच झालं असणार, असं तिने धरलं.

“घ्या आई. आता एका मिनिटात सापडते पाहा सारं.”

केशरबाईंनी चष्म्याची डबी टक्‌ करून उघडली. चार वाजत आले होते. चारला त्या रोज फोन घेऊन गॅलरीत बसत आणि गावी कोणाला तरी फोन लावत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक कप्पा उघडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

“जमुना कोठी गेली वं?”

“आरोग्यात आहे ना. ‘गुडघेदुखीवर सोपे व्यायाम’.”

“तसे तं पाच दिसून राहिले इथं. जमुनाचा कोनता? एक चंदनच्या मायचा होता. तिले बीपी आहे, तिले वाकाचा व्यायाम नाई चालत.” त्यांचं बोट थांबलं. “इथली मानसं कुठं गेली, दीक्षा?”

ती नावं कसली होती, ते दीक्षाला आता उमगलं. केशरबाई चौतीस वर्षं तेल्हाऱ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. गल्लीबोळ पायाखाली घालायच्या, दारावर गेरूने घराचा नंबर टाकायच्या आणि त्या नंबराखाली रजिस्टरात त्या घरातलं सगळं लिहायच्या: कोण बाळंतीण, कोणाचं लसीकरण राहिलं, कोणाचा नवरा पितो. निवृत्तीनंतर गुडघे गेले, मुलाकडे अमरावतीला येणं झालं आणि गृहभेटी बंद पडल्या. त्या भेटीच त्यांनी फोनवर चालू ठेवल्या होत्या. वाचलेलं ज्याच्या कामाचं, त्याचं नाव त्याच्यावर.

“लिंक पाठवून द्यायची ना आई त्यांना,” दीक्षा ओशाळून म्हणाली.

“लिंक पाठवली तं लोकं अंगठा पाठवतात. वाचून दाखोलं तं बोलतात.” केशरबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. “आन रोग पाहून कोनाच्या घरी नाई जात आपन. घरी गेल्यावर रोग समजते. असू दे. तू चांगल्यासाठीच केलं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी चारला त्यांनी कोणालाच फोन लावला नाही. सोमवारीही नाही. बुधवारी दीक्षा लवकर घरी आली, तर सासूबाई गॅलरीत बसलेल्या, खालच्या ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या बघत. चष्मा डबीतच होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं स्वतःला बजावत दीक्षाने दोन चहा केले.

रविवारी जेवणं झाल्यावर ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

“आई, चला, गृहभेटीला जाऊ. उपकेंद्रातून निघालो. पह्यलं घर कोनाचं?”

केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू डोळे मिटले.

“निंबाच्या बाजूनं पार्वताबाईचं. घर नंबर एक. सुनेले साखर आहे.”

दीक्षाने मधुमेहाचे लेख एकेक वाचून दाखवले. तिसऱ्याला केशरबाईंनी मांडीवर थाप मारली. “हाच! यात ज्वारीच्या भाकरीचं आहे.” मग दोन नंबर, जमुना, कापूस वेचून वेचून डावा गुडघा गेलेली. मग नाला ओलांडून बुद्धविहाराच्या मागची गल्ली. पौर्णिमाची धाकटी बारावीला. नितेशचं दारू सोडणं. करिश्माच्या बाळाचं वजन. एका घरापाशी त्या हसायला लागल्या आणि पाच मिनिटं हसतच राहिल्या. तिथला कुत्रा म्हणे पोलिओच्या डब्याला घाबरायचा. वाटेत रामरावांचा पत्ता लागेना. मग आठवलं, ते गावातले नव्हेतच. ते शेंदूरजनाघाटचे, केशरबाईंच्या मावसबहिणीचे शेजारी.

दीक्षा नावं घालत गेली. तिने ते गाव एकदाच पाहिलं होतं, लग्नानंतर, गाडीतून. आता तिला ते दार न्‌ दार दिसायला लागलं. सासूबाईंच्या आवाजात इतकं बळ असतं, हेही तिला भिंतीपलीकडूनच माहीत होतं. रोज चारला तोच आवाज गॅलरीतून यायचा: “मी सिस्टर बोलतो. बसली हायेस काय? पानी पेली?” मग मात्र बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, कारण पलीकडचं माणूस बोलत असायचं.

असे आणखी दोन रविवार गेले. गाव संपलं तेव्हा सात लिंका उरल्या. दीक्षा पहिलीचं शीर्षक वाचणार, तोच केशरबाईंनी फोनवर हात ठेवला.

“ते राहू दे.”

“काहून? कोनाचं घर आहे?”

“आहे एक. त्या घरी फोन नाई लागत.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “दुरून फोन केला तं सारं सांगता येते, माय. रोज समोर दिसते त्या मानसाले कसं सांगावं, ते टरेनिंगात नाई शिकोलं कोनं.”

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दीक्षाने ते सातही लेख सोमवारी ग्रंथालयात, दुपारच्या शांततेत उघडले. ‘गर्भपातानंतर मनाची काळजी’. ‘पोटातलं बाळ गेल्यावर घरच्यांनी काय बोलू नये’. ‘दोष आईचा नसतो’. बाकीचेही तसलेच. जुन्या यादीत या सातांवर एकच शब्द होता, ‘घर’, आणि तो तिने स्वतः निरर्थक म्हणून खोडला होता, हे तिला आता आठवलं.

दोन वर्षं झाली होती. पाचवा महिना होता. दवाखान्यातून आल्यावर केशरबाईंनी तिला चाळीस दिवस काडी उचलू दिली नव्हती, रोज तिच्या केसांना तेल लावलं होतं, आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. गावभर बोलणाऱ्या बाईला आपल्यापाशी बोलायला काही नाही, असं दीक्षाने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने मन घट्ट करून मसाल्याचे डबे पुन्हा एकदा लावले होते. चुकलंच तिचं. दोघींचंही चुकलं.

चारला दोन मिनिटं होती. वाचनकक्षात तीन मुली अभ्यास करत होत्या. दीक्षा मागच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि घरी फोन लावला.

“दीक्षा? काय झालं? बरं आहे ना?”

“सिस्टर,” दीक्षा म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “सिस्टर, मी राजापेठेतून बोलते. साऱ्या गावाच्या भेटी झाल्या तुमच्या. माझं घर राहिलं.”

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. कोणीतरी कोणाला हाक मारली. चष्म्याची डबी टक्‌ करून उघडली, आणि थोड्या वेळाने तशीच मिटली.

“बसली हायेस काय?” केशरबाईंनी विचारलं.

“हाव,” म्हणत दीक्षाने स्टूल ओढलं आणि ती बसली.

“पानी पेली?”

“हाव.”

“मंग वाचाचं राहू दे आज,” त्या म्हणाल्या. “तू सांग. मी ऐकतो.”