दुखणं खांद्याचंच

चहाला उकळी येईपर्यंत ताई सासूबाईंचे गुडघे वाकवून देत होत्या. रुग्णालयात त्या फिजिओथेरपिस्ट. घरीदारी मात्र त्यांचे हात सगळ्यांच्या हक्काचे. "हिच्या हाताला गुण आहे," असं नवरा कौतुकानं म्हणायचा आणि लगेच आपली पाठ पुढे करायचा. ताईंचा डावा खांदा कित्येक दिवस ठणकत होता, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

"पेशंट उचलून उचलून भरलाय," हे निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं होतं. दुसऱ्याचं दुखणं बोटांनी चाचपून शोधणारी ही माणसं, स्वतःचं दुखणं तोंडानंच ठरवून मोकळी होतात.

त्यांच्या विभागात एक अलिखित रीत होती. जो रजा घेईल त्याचे पेशंट उरलेल्यांच्या डोक्यावर. त्यामुळे विभागप्रमुख मॅडमना कधी कुणाची रजा नाकारावीच लागत नसे. लोक आपापसातच एकमेकांना लाजवत, आणि या सगळ्या पिळवणुकीला सेवा असं गोंडस नाव होतं.

त्या दिवशी अर्धांगवायूच्या एका धिप्पाड गृहस्थांना उभं करताना ताईंच्या खांद्यातून कळ थेट जबड्यापर्यंत गेली. त्यांना बसवून त्या स्वतःही मटकन बसल्या. शेजारच्या पलंगापाशी काम करणारी सहकारी धावत आली. सगळे तिला घाईबाई म्हणत.

"इथे दुखतं?" खांदा दाबत तिनं विचारलं.

"नाही."

"मग इथे?"

"दाबून कुठेच दुखत नाही गं. जिना चढले की दुखतं, थांबले की थांबतं."

बोलता बोलता ताईंच्या लक्षात आलं. हृदयरोग्यांच्या व्यायामवर्गात हेच तर त्या रोज विचारत असत. घाईबाईचा हात खांद्यावरच थांबला.

"ताई, खाली चला. ईसीजी काढू."

दारात मॅडम उभ्या होत्या. "एवढा एक पेशंट उरकून जा. बाहेर लोक खोळंबलेत. स्नायूच असणार, आपलं सगळ्यांचंच दुखतं."

ताईंचं डोकं तडकलं. "सगळ्यांचंच दुखतं म्हणून ते स्नायूचं कसं ठरलं? व्हीलचेअर मागवा. हृदयाचा संशय असलेल्याला मी कधी चालवत नेत नाही. मलाही चालवू नका."

खालच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद पाहिला आणि त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. वर तोवर मॅडमनी त्यांच्या पेशंटची वाटणीसुद्धा सुरू केली होती.

"मी घेणार नाही," घाईबाई म्हणाली. "आज पेशंटना घरी पाठवू."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत. माणसं कमी आहेत हे वरच्यांना आजवर कळलंच नाही, कारण आपण कळू दिलं नाही."

बाहेर सांगायला मॅडमसकट कुणी पुढे होईना, तेव्हा घाईबाईच गेली. बाकावर खुब्याचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी बसली होती. दोन बस बदलून आलेली. तिची यात काय चूक? घाईबाईला भारी वाईट वाटलं, तिनं माफीही मागितली.

"मग उद्या येतील ना ताई?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आजी," घाईबाई म्हणाली. "उद्याही नाही." हे सांगताना तिनं मान खाली घातली नाही.