सासूचा ताबा

कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, एक खिडकी होती. ज्यांना वकील परवडत नाही किंवा नकोच असतो, अशा माणसांनी तिथं यायचं. आत बसायच्या त्यांना सगळे खिडकीवाल्या ताई म्हणत. अर्ज कसा लिहायचा, मध्यस्थीच्या खोलीत काय विचारतात, तिथं आवाज का चढवायचा नाही, हे त्या समजावून सांगत. सल्ला मात्र द्यायचा नाही, असा नियम होता. इथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा दुसरा. दोन्ही नियम त्या डोळ्यांत तेल घालून पाळत.

एका सकाळी एक नवराबायको आले, एकाच स्कूटरवरून. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी. मूलबाळ नव्हतं. मारहाण, व्यसन, तिसरं माणूस, काही काही नव्हतं. ताईंनी कारण विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जणू उत्तर दुसऱ्याला पाठ असावं.

"बोलणंच संपलंय," शेवटी ती म्हणाली. "काही सांगायचं असलं की आईंना सांगतो. त्या पलीकडच्या खोलीत जाऊन निरोप देतात."

"तेही आईचे गुडघे दुखत नसतील तर," तो म्हणाला.

आई म्हणजे त्याची आई, तिची सासू.

वेगळं व्हायला दोघांचीही ना नव्हती. ताईंनी अर्ज समजावला, कुठं सही, कुठं फोटो ते दाखवलं. घर भाड्याचं, सामान बेताचं. आता सुंठीवाचून खोकला जाणार, असं ताईंना वाटलं. पण मध्यस्थीच्या खोलीत पहिल्याच बैठकीत गाडी अडली.

"मला काही नको," सून म्हणाली. "फक्त आई माझ्याकडे राहतील."

"माझी आई आहे ती," तो म्हणाला.

"तुझी आहे, पण त्यांच्या डोळ्यांत औषध कोण घालतं? त्यांना रात्री कुठल्या कुशीवर झोप लागते, सांग बघू."

"शिकेन मी," तो म्हणाला.

मध्यस्थबाई मुरलेल्या होत्या. मुलांवरून, दागिन्यांवरून, एकदा तर पोपटावरून झालेली भांडणं त्यांनी मिटवली होती. पण सासू नको म्हणून येणाऱ्या सुनाच त्यांनी आजवर पाहिल्या होत्या. कायद्यात मुलांचा ताबा असतो, सासूचा नसतो, असं त्यांनी समजावलं. सून हटेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मग ज्यांच्यावरून चाललंय, त्यांनाच बोलवा."

पुढच्या तारखेला सासूबाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी, आणि जीभ दोन्हींपेक्षा तेज. नेमकी त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मुलगा सवयीनं दार उघडून आत डोकावू लागला, तसा शिपाई ओरडला.

"बघू दे रे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "संसार नाही, निदान लिफ्ट तरी दुरुस्त होईल."

जिना चढणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून मध्यस्थबाईंनीच खाली यायचं ठरलं. मुलगा आणि सून वर त्यांना आणायला गेले. सासूबाई ताईंच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या. थोडा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"तुमचं काय म्हणणं, ताई? मी कुणाकडे जावं?"

"मला म्हणणं असून चालत नाही, आजी."

"बरं आहे तुमचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला तिच्याकडेच जायचंय. पोटची मुलगी असती तर तिनंसुद्धा इतकं केलं नसतं. पण मी गेले ना, तर ही माझ्यात अडकेल. माझी औषधं, माझं दुखणं, यातच म्हातारी होईल. तरणीताठी आहे अजून. सुटायचंच आहे, तर पुरती सुटू दे."

"मग तसंच सांगा त्यांना."

"छे! मायेनं सांगितलं तर ती ऐकेल होय? दुप्पट चिकटेल. टाकून बोलल्याशिवाय ती हलायची नाही." त्यांनी ताईंचा हात धरला. "हे तुमच्यापाशीच राहू द्या. शब्द द्या."

नियम होताच. ताईंनी शब्दही दिला.

मध्यस्थबाई आल्या, मागोमाग दोघं. सून सासूच्या खुर्चीजवळ उभी राहिली आणि न विसरता त्यांचा घसरलेला पदर सारखा करून दिला. मध्यस्थबाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला कुणाकडे राहायचंय?"

"विचारायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "मुलाकडे. रक्ताचं ते रक्ताचं. सून कितीही केलं तरी परक्याचीच."

सुनेचा हात पदरावरच राहिला. मग तिनं तो हळूच काढून घेतला, जसा चुकून दुसऱ्याच्या वस्तूला लागलेला हात माणूस काढून घेतो. मुलगासुद्धा चपापला. "आई, अगं..." एवढंच म्हणाला.

ताई टेबलापाशी उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी समोरचे कागद उगाचच सरळ केले.

मध्यस्थबाईंनी सुचवलं, सुनेला अधूनमधून भेटायला येता येईल असं लिहून ठेवू. सून म्हणाली, "नको. परक्यांच्या घरी कशाला?" आणि सही करून निघून गेली. त्या दिवशी ती स्कूटरवर बसली नाही, चालत गेली.

घटस्फोट रीतसर झाला.

पुढं बऱ्याच काळानं तो लिफ्टवाला खिडकीशी आला. निकालाची प्रत हवी होती. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. ताईंनी आईची चौकशी केली.

"गेली," तो म्हणाला. "औषध घालायला शिकलो होतो मी. पण शेवटी शेवटी तिला वाटायचं, सूनच घालतेय. मला तिच्या नावानं हाक मारायची. मी ओ द्यायचो." तो जरा थांबला. "तिला निरोप पाठवला होता. आली नाही."

त्या दिवशी ताईंचं कामात लक्ष लागेना. एका बाईला त्यांनी चुकीच्या मजल्यावर पाठवलं. संध्याकाळी त्या घरी न जाता चष्म्याचं दुकान शोधत गेल्या.

सून गल्ल्यामागे बसून एका चष्म्याची काडी वाकवत होती. तिनं ताईंना ओळखलं. बसायला स्टूल दिलं. पुन्हा लग्न केलं नव्हतं, एकटीच राहत होती.

"निरोप मिळाला होता मला," ती आपणहून म्हणाली. "कपडेसुद्धा बदलले होते निघायला. मग वाटलं, कुठल्या नात्यानं जाऊ?"

ताईंनी सांगितलं. खुर्ची, काठी, धरलेला हात, सगळं. ऐकताना सून काडी वाकवतच होती, ती गरजेपेक्षा जास्त वाकली.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"शब्द दिला होता. आणि आमच्याकडे नियम असतो, तिथलं बोलणं बाहेर काढायचं नाही."

"आणि आज?"

"आज त्या नाहीत."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "त्या होत्या, तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. रोज त्यांच्या घरावरून कामाला यायचे. वर बघायचे नाही."

शब्द मोडला असता तर ही बाई सासूच्या उशाशी बसून म्हातारी झाली असती. पाळला, तर ही अशी बसली होती. सासूबाईंच्या मनात होतं ते दोन्हीकडून झालंच नाही. हे आधी कळायला हवं होतं का, आणि कुणाला, हे काही ताईंना ठरवता येईना.

एक गिऱ्हाईक आलं. सुनेनं त्याला चष्मा घालून पाहायला लावला, कानामागे बोट फिरवून बघितलं, पुसायचं फडकं दिलं. तो गेल्यावर तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि समोर येऊन बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "त्या जशा बोलल्या तसंच. त्यांच्याच शब्दांत."

ताईंनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. पोटच्या मुलीचं वाक्य आलं, पुरती सुटू दे आलं. पण मध्ये सासूबाई आणखी काहीतरी म्हणाल्या होत्या, सुनेबद्दलच, हसून, काहीतरी छोटंसं. ते काही केल्या आठवेना. सून वाट पाहत बसली होती. ताईंनी डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागल्या.