रॅव्हीज प्लम

वॉटरफोर्डहून कोव्ह बंदराकडे गाडी चालवताना निवेदिताच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बोट आता इंग्लिश राहिलेली नसू दे. शेजारी आई बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पितळी घंटी घेऊन, आणि आईच्या मनात नेमकं उलटं होतं.

घंटी बाबांची. रविकांत वेंगुर्लेकरांनी ऑल्डरिज कंपनीच्या 'लेडी ऑल्डरिज' बोटीवर, भटारखान्यात, उभा जन्म काढला. जेवणाची वर्दी द्यायला लाउडस्पीकर आले तेव्हा कप्तानाने जुनी घंटी त्यांच्या हवाली केली. निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे आले की घंटीही बॅगेतून यायची. हॉस्पिटलातून थकून आलेली निवेदिता सोफ्यावर पेंगत असली की पोळ्या झाल्याची वर्दी ते घंटी वाजवूनच द्यायचे. मागच्या पावसाळ्यात ते गेले. त्याआधी सांगून ठेवलं होतं, की बोट इंग्लिश राहिली असेल तर घंटी बोटीची. नसेल तर निवेदिताची.

ते ओळखायचं कसं, हेही त्यांनीच ठरवलेलं होतं. गावातले मित्र त्यांना छेडायचे, की मालक अमेरिकन झाले, मग तुझ्या बोटीत इंग्लिश काय उरलं? बाबा शांतपणे म्हणायचे, "दुपारची करी. ती बदलली, की बोट इंग्लिशांची राहिली नाही असं समजा."

कोव्हच्या धक्क्यावर पोचताच निवेदिता पुरावे गोळा करायला लागली. बोटीच्या मागे नोंदणीचं बंदर म्हणून नाव होतं नॅसाऊचं, झेंडा बहामाचा. तिने आईला ते अगत्याने दाखवलं. आईने झेंडा बघितला आणि चांगला धुतलाय म्हणाली.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्या आयरिश रखवालदाराला निवेदिताने सहज विचारल्यासारखं विचारलं, की ही बोट अजून ब्रिटिश म्हणायची का? तो खुशीत आला. म्हणाला, आमच्या गावाला सत्तर वर्षं राणीचं नाव होतं, म्हणून आम्ही ब्रिटिश झालो का? नावाचं काही खरं नसतं. आत जा, जेवण ग्रँड असतं.

बंदरात बोट लागली की पाहुण्यांना दुपारच्या जेवणापुरतं वर घेत. निवेदिताने आधीच टेबल राखून ठेवलं होतं. तपासणीच्या यंत्रातून टॉवेल बाहेर आला तेव्हा घंटी खणकन वाजली आणि दोन पहारेकरी दचकले.

वरही निवेदिताला बाजू भक्कम होताना दिसली. किमती डॉलरमध्ये. चहा किटलीतून नाही, पिशव्या दोऱ्यासकट कपात लोंबणाऱ्या. वाढायला आलेला इव्हान क्रोएशियाचा. तिला बाबांची आठवण होऊन हसू आलं. कपात दोरा सोडणाऱ्याला ते मासे गरवणारा म्हणायचे. घंटी आता घरी परत जाणार, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटात, मसाल्यांशेजारी. ती निवांत झाली.

मग करी आली.

इव्हानने ती अदबीने मध्ये ठेवली आणि पाठ केलेली माहिती सांगितली. ही कंपनीची मूळ इंग्लिश करी. राणीच्या काळापासून एक कणही बदललेला नाही. जुने इंग्लिश प्रवासी केवळ हिच्यासाठी येतात.

आईने पहिला घास घेतला, आणि तिचे खांदे हलायला लागले. निवेदिता घाबरली. मग कळलं, आई हसतेय.

"खयची राणी गो?" आई म्हणाली. "ही तर आपली सोलां."

सोलं म्हणजे आमसुलं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. एका सफरीत लिस्बनच्या पुढे चिंच संपली. परत फिरून चिंच आणणार कोण? बाबांनी स्वतःच्या पेटीतली, आईने बांधून दिलेली आमसुलं करीत घातली आणि बोलणी खायची तयारी ठेवली. पण एक म्हातारा कर्नल ताट पुसून म्हणाला, की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खरी इंग्लिश करी मिळाली. त्यानंतर पुन्हा चिंच घालायची हिंमत कुणाला झाली नाही.

निवेदिताने अजून चाखलं नव्हतं. तिने इव्हानला विचारलं, यात आंबट काय घालता?

"एक काळं सुकं फळ असतं, इंग्लंडचंच," इव्हान म्हणाला. "भटारखान्यात त्याला रॅव्हीज प्लम म्हणतात. रॅव्ही कोण होता, देव जाणे. असेल कुणी लॉर्ड."

आईने पदर तोंडाला लावला. ती आता हसत होती की दुसरं काही, ते निवेदिताने बघितलं नाही. तिने चमचा उचलला. आई तिच्याकडेच पाहत होती.

"तूच सांग," आई म्हणाली. "बापाशीची जीभ तुका मिळालीहा. खरा काय ता सांग."

करी तोंडात गेली. शेवटी जिभेच्या कडेला येणारा, बाबांच्या हातचा तो आंबटपणा, अर्धा क्षण उशिरा. थोडी गोड आहे, असं म्हणता आलं असतं. मसाला निराळा आहे, हेही. आईने ते मानलंही असतं.

"इंग्लिश आहे," निवेदिता म्हणाली. "अगदी होती तशी."

तिनेच टॉवेल सोडला आणि रॅव्ही कोण होता ते इव्हानला सांगितलं. इव्हान आतून मुख्य आचाऱ्याला घेऊन आला. दोघांनी घंटी हातात घेऊन निरखली. इव्हान म्हणाला, दर्शनी जागी काचेच्या कपाटात ठेवू.

"कपाटात नको," निवेदिता म्हणाली. "वाजवा. रोज."

ते म्हणाले, मग सुरुवात तुम्हीच करा. ती उठली. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक काटे-चमचे ठेवून बघायला लागले. तिने घंटी वाजवली, बाबा वाजवायचे तशी, तीनदा, शेवटची लांब. नाद दालनभर पसरला. कोपऱ्यातल्या एका इंग्लिश आजोबांनी गडबडीने टाय सारखा केला.

"हळू गो," आई करीचं भांडं पुढे ओढत म्हणाली. "लोकांची जेवणां झाली. माका मात्र आणि थोडी वाढ."