नागसेनच्या मुलीचं विद्यापीठ

अनुष्काला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं, त्या दिवसापासून नागसेनचा जीव थाऱ्यावर नव्हता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तो एका औषध कंपनीत ऑपरेटर होता. पोरीला रसायनशास्त्रात पुढं शिकायचं होतं, शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं. होकार कळवायला उद्याचाच दिवस उरला होता.

"दुसरं कुठलं नाय मिळालं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"सरकारी आहे, पप्पा. आता तिथं सगळेच शिकतात."

"पण म्हणतात काळ्यांचंच ना!"

"तुम्ही असं बोलता? तुम्ही?" अनुष्का चिडली.

नागसेननं मोटारसायकल काढली. "बस मागं."

त्यानं गाडी थेट पोलादपूरला नेली. एका कुलूप लावलेल्या इमारतीपुढं थांबला. इथल्या मागासवर्गीय वसतिगृहात राहून तो दहावी झाला होता.

"वर्गात पहिला आलो, तरी हॉस्टेलचा पोरगाच राहिलो. कंपनीत सायबाला मी कुठला ते कळलं, त्या दिवसापासून त्याची बोलायची तऱ्हाच बदलली. तुला तसला शिक्का नको गो."

अनुष्काचा राग ओसरला. मोबाइल उघडून तिनं विद्यापीठाची हकीकत त्याला मराठीत सांगितली. गुलामगिरी संपल्यावर चर्चच्या एका खोलीत बावीस कृष्णवर्णीयांची शाळा भरली. गोऱ्यांच्या कॉलेजात यांना घेत नसत, म्हणून सरकारनं ही शाळाच वाढवली, पण अनुदान कायम कमी दिलं. पुढं ती गोऱ्यांच्या विद्यापीठात विलीन करायचं ठरलं, तेव्हा जुने विद्यार्थी गावोगावहून येऊन विधानभवनापुढं बसले आणि ते थांबवलं.

"म्हणजे शिक्का पुसला जात होता, तर यांनीच नाय म्हटलं?"

"हो."

"कशापायी?"

"तिथूनच शिक्षक, वकील, डॉक्टर झाले होते ते. त्यांनी उभं केलेलं होतं, पप्पा."

नागसेन कुलपाकडं बघत राहिला. "हे बंद झाल्याचं पेपरात आलं होतं. वाचून मला बरं वाटलेलं, शिक्का गेला म्हणून."

त्यानं पुढं होऊन कुलपावरची धूळ पुसली.

"पाठव होकार," तो म्हणाला.

तिनं तिथंच उभ्या उभ्या पाठवला.

परतताना चहाच्या टपरीवर कंपनीतला येसाजी भेटला. "पोरगी कुठं निघाली म्हणं?"

नागसेन अडखळला. मग म्हणाला, "अमेरिकेत. काळ्या लोकांनी टिकवलेल्या विद्यापीठात."

"असं?" म्हणून येसाजीनं चहाचा घोट घेतला. त्याच्या मनात काय आलं, ते नागसेनला ओळखता येईना. अर्धा चहा टाकून नागसेन उठला, गाडीपाशी गेला, पुन्हा वळून त्यानं येसाजीकडं बघितलं. पण बोललेला शब्द काही त्यानं मागं घेतला नाही.