सर्वज्ञ पोथी आणि सातवीचा वर्ग

मारुतीच्या पारासमोर चपलांचा ढीग पडला होता. राळेगावच्या एसटीतून उतरलेली माणसं, तांड्यावरून चालत आलेली माणसं, शाळेच्या भिंतीला सायकली टेकवून आलेली पोरं, सगळ्यांनी पायातलं काढून ठेवलं होतं. काहींनी डोक्यातलंही तिथेच ठेवलं असावं, असं मी मनात म्हटलं. मी या गावच्या शाळेत मराठी शिकवतो. मनातल्या मनात टोमणे मारायची खोड मला त्या धंद्यातूनच लागली.

पारावर अक्षरनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे लाल फडक्यात सुटी पानं असलेली पोथी होती. पानं कोरी. प्रश्न विचारणाऱ्याने नुसतं हात जोडून उभं राहायचं, प्रश्न मनातच ठेवायचा. महाराज वरचं पान उचलत, त्यावर हळदीचं पाणी शिंपडत आणि कोऱ्या कागदावर लालभडक अक्षरं उमटत. मग महाराज खर्जात वाचत. ओवी संपली की माणूस हमखास डोळे पुसत असे.

"विश्वात जे जे ज्ञात, ते ते येथे. जे जे अज्ञात, तेही येथेच," महाराज सांगत. "वैज्ञानिक लोक शोधतात, आम्ही केवळ वाचतो."

हे सगळं घडलं ते गुलाबी बोंडअळीच्या वर्षी. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा अळीचा प्रश्न कायमचा मिटला, असं दुकानदारापासून टीव्हीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. आता बोंड फोडावं तर आत अळी मुक्कामाला. गावात एक तरुण कृषी सहायक आला होता. त्यानं शेतं पाहिली आणि म्हणाला की वेचणी संपल्यावरही उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवून फरदडीचं जादा पीक घेता, तिथे अळीला बारमाही जेवण मिळतं, ते एक कारण दिसतं. बाकीचं अजून तपासतो आहोत, आज नक्की सांगता येणार नाही. लोकांना त्याचा राग आला. सरकारचा पगार खातो आणि सांगता येत नाही म्हणतो. मला विचाराल तर त्या वर्षी आमच्या गावात आलेल्या माणसांमध्ये खरं बोलणारा तो एकटाच होता. पण त्याला कोणी चहासुद्धा विचारला नाही. महाराजांना सगळंच सांगता येत होतं, म्हणून त्यांचा मुक्काम विठ्ठलरावांच्या ओसरीवर आणि जेवायला रोज पुरणपोळी.

विठ्ठलराव गावातले मोठे शेतकरी. फरदडही सर्वांत जास्त त्यांचीच. त्यांनी पोथीपुढे हात जोडले आणि अळी का आली, ते मनात विचारलं. ओवी उमटली ती अशी:

पांढऱ्या सोन्याला काळी दृष्ट,
जुना हात झाला दुष्ट,
एकट्या घरी दिवा कनिष्ठ,
ओळखा तुम्ही.

कनिष्ठ दिवा म्हणजे काय, हे मी तीस वर्षं मराठी शिकवूनही सांगू शकत नाही. यमक जुळवायचं म्हणून दिव्याची बढती रोखलेली दिसते. पण गर्दीला अर्थ लागायला वेळ लागला नाही. पांढरं सोनं म्हणजे कापूस. जुना हात आणि एकटं घर? मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तुळसाबाई." मग ते नाव पाराभर फिरलं. महाराजांनी फक्त डोळे मिटले.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात सीतादही करतात. पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि वेचणाऱ्या बायांतली सर्वांत जाणती बाई पहिलं बोंड वेचते. तिच्या हाताला बरकत असते, असा समज. विठ्ठलरावांच्या शेतात तो हात वर्षानुवर्षं तुळसाबाईचा होता. नवरा गेल्यानंतर तिनं ह्याच हातांनी दोन मुली उजवल्या. आता तोच हात दुष्ट ठरला. त्या दिवसापासून तिला एकाही शेतात वेचणीला बोलावणं आलं नाही. बाया तिच्यासोबत पाण्याला जाईनात. दोन दिवसांत पोथी तिला गावाबाहेर ठेवायला सांगणार, असंही बोललं जाऊ लागलं. मला त्या ओवीचा आणि त्याहून अधिक आमच्या गावाचा संताप आला.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक धम्मरत्न सर ओवीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर गेले. त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून कोऱ्या कागदावर लिहिलं, कागद वाळवला, सर्वांसमोर हळदीचं पाणी शिंपडलं. लालभडक अक्षरं उमटली. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, घरोघरी कपड्यावरचा हळदीचा डाग साबणानं लाल होतो तसंच हे, असं त्यांनी नीट समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम.

विठ्ठलराव शांतपणे म्हणाले, "सोडा दुकानात भेटते सर. ज्ञान भेटते का? अक्षर कशानंबी उमटो. आमच्या मनातलं त्या पोथीले कसं मालूम?"

धम्मरत्न सर परत आले ते तोंड पाडून. मी मात्र रात्रभर त्या वाक्यावर विचार केला, कारण विठ्ठलरावांनी नकळत माझ्या विषयाचा प्रश्न विचारला होता. ओवीत जे आहे ते पोथीला ठाऊक असतं की वाचणाऱ्याला? दरवर्षी मी एकच कविता वर्गात वाचतो. आई गेलेल्या पोराला ती आईची वाटते, बैल विकलेल्याला बैलाची. कवी बिचारा दोघांनाही ओळखत नाही.

त्या आठवड्यात मी सातवीला कोडी रचून आणायला सांगितलं होतं. विठ्ठलरावांची नात सुरभी हिनं सर्वांत छान कोडं आणलं. वर्गानं ते ऐकलं, उत्तर ओळखलं, टाळ्या वाजवल्या. ते मी धम्मरत्न सरांकडून सोड्याच्या पाण्यानं एका पानावर लिहवून घेतलं. पोथीच्याच मापाचं पान. महाराज दुपारी जेवायला गेले की पोथी पारावरच असे, तिच्या धाकानं कोणी हात लावत नसे. मी लावला आणि आमचं पान सगळ्यांत वर ठेवून दिलं.

"हे फसवणं नाही काय सर?" धम्मरत्न सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "आज संध्याकाळीच सगळ्यांपुढे सांगून टाकणार असू, तर हा प्रयोग. लपवून ठेवलं तर महाराजगिरी."

संध्याकाळी शाळेची पोरं नेहमीसारखी पुढच्या रांगेत बसली होती. मी सगळ्यांच्या आधी पोथीपुढे हात जोडून उभा राहिलो. मास्तरच शरण आला म्हणून लोक कौतुकानं पुढे सरकले. महाराजांनी पान उचललं, पाणी शिंपडलं आणि अक्षरं उमटली. महाराजांचा आवाज क्षणभर अडखळला. ओवी त्यांची नव्हती. पण सर्वज्ञ माणसाची हीच अडचण असते, त्याला "हे मला माहीत नाही" असं म्हणता येत नाही. त्यांनी खर्ज लावला:

जोडीनं निघालो, काट्यांतून गेलो,
ज्याचा भार वाहिला, त्यासाठी झिजलो,
घर आलं तेव्हा दारातच राहिलो,
ओळखा आम्हाला.

बायांच्या बाजूला इंदूबाईनं पदर डोळ्याला लावला. तिच्या मुलानं पुण्याला घर घेतल्यापासून तिला एकदाही बोलावलेलं नाही. "माह्याच घरचं हाये हे," ती म्हणाली. तांड्यावरच्या हरिसिंगला ते त्याच्या थोरल्या भावाचं वाटलं, ज्यानं धाकट्यांना शिकवलं आणि म्हातारपणी गोठ्यात झोपला. विठ्ठलराव हात जोडून पुढे सरकले होते. त्यांनी वाटणीत वडिलांना बाहेरची खोली दिली होती, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी विचारलं, "महाराज, प्रश्न माझा होता. अर्थ सांगा."

"जोडी म्हणजे जीव आणि शिव," महाराज सावरून म्हणाले. "भार म्हणजे प्रपंच. दार म्हणजे मोक्षाचे द्वार. गूढ आहे, सामान्यांना कळणार नाही."

पुढच्या रांगेत सुरभीनं तोंडावर हात धरला होता. तिचे खांदे हलत होते. विठ्ठलरावांनी दटावलं, "काहून हासून राह्यली गं?"

"आबाजी, हे तं माह्यं कोडं हाये," ती म्हणाली. "सरनं वर्गात सांगाले लावलं होतं."

मी सातवीच्या वर्गाकडे वळून विचारलं, "उत्तर काय?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "चपला!"

सगळ्यांच्या माना आपोआप मागे वळल्या. पारासमोर तो ढीग तसाच पडला होता, जोडीजोडीनं, काट्यांतून आलेला, झिजलेला, दाराबाहेर ठेवलेला. आधी पोरं हसली, मग मागची कॉलेजची मुलं, मग इंदूबाईसुद्धा ओल्या डोळ्यांनी हसू लागली.

मी पान कसं ठेवलं ते सांगून टाकलं. म्हटलं, ओवीत फक्त चपला होत्या. मुलगा, भाऊ, वडील हे तुम्ही आपापल्या घरून आणले. कवितेत असंच होतं, म्हणून तर ती वाचतात, आणि तुमचं रडणंही खोटं नव्हतं. पण कवितेवरून कोणाला शिक्षा देत नाहीत. परवाच्या ओवीतही कोणाचं नाव नव्हतं.

महाराज देव बालमुखातून बोलतो वगैरे काहीतरी म्हणत होते, पण ऐकायला कोणी नव्हतं. ते पोथी बांधून निघाले. त्यांनाही त्या ढिगात आपल्या चपला शोधत बराच वेळ वाकून फिरावं लागलं.

दुसऱ्या सकाळी विठ्ठलराव तुळसाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो. झालं गेलं विसर, परवा सीतादही आहे, पहिलं बोंड तूच वेच, असं ते म्हणाले. ती उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"पोथीनं माह्यं नाव घेतलं नव्हतं भाऊ," ती म्हणाली. "तुमीनं घेतलं. पोथी तं निंगून गेली, मले तुमच्यातच राहा लागते. पारावर बोलले होते, पारावरच पलटवा. मंग येतो."

विठ्ठलराव परतले. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. पण संध्याकाळी ते खरंच पारावर उभे राहिले. पोथीची जागा रिकामी होती. आवाज खर्जातला नव्हता.

"अळी कशानं आली, मले पुरतं मालूम नाही," ते म्हणाले. "तुळसाबाईनं नाही आणली. फरदड म्या ठेवली होती. यंदा ठेवत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. गावात त्यांच्या तोंडून "मालूम नाही" हे शब्द कोणी आधी ऐकले नव्हते.

वाचकहो, उद्या तुमच्याही गावात सगळं जाणणारा कोणी येईल. त्याच्या शाईची तपासणी जरूर करा, धुण्याचा सोडा स्वस्त आहे. पण त्यानं सांगितलेला अर्थ आपण कोणाच्या नावावर चिकटवतो आहोत, तेही तपासा. आणि पुन्हा तो कृषी सहायक आला, "अजून नक्की माहीत नाही" म्हणाला, तर त्याला बसायला चटई द्या आणि चहा विचारा.

सीतादहीला पहिलं बोंड तुळसाबाईनं वेचलं. आत अळी होती. तिनं ती सगळ्यांना दाखवली, चिरडली आणि पुढच्या झाडाकडे वळली.